नंदाखालच्या सरांची हार्ड डिस्क

माणिकपूरच्या आमच्या घरात जेवायचं टेबल आहे, ही गोष्ट पाहुण्यांना कित्येक वर्षं कळलीच नव्हती. त्यावर कायम कुणाचा तरी कॉम्प्युटर पोट उघडून पडलेला असायचा, शेजारी स्क्रूंनी भरलेला श्रीखंडाचा डबा, आणि आम्ही चौघं खाली फरशीवर पंगत मांडून जेवायचो. माझी बायको नलिनी आल्या-गेल्याला सांगायची, "टेबलावर पेशंट आहे, तुम्ही खाली बसा."

मी इंजिनियर नाही. फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून म्हणून लागलो आणि त्याच खोलीत, चार खुर्च्या पुढे सरकून, निवृत्त झालो. त्या नोकरीने पोट भरलं, त्याबद्दल तिचे उपकार आहेत, पण तिच्यावर लिहायला बसलो तर अर्ध्या पानात संपेल. लिहायचं आहे ते रविवारच्या कामाबद्दल. जवळजवळ वीस वर्षं मी वसई-विरारमधल्या लोकांचे कॉम्प्युटर जोडले, उघडले, बिघडवले आणि पुन्हा उभे केले. मजुरी घेत नव्हतो. त्याऐवजी नारळ यायचे, वालाच्या शेंगा यायच्या, आगाशीकडची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, यायची. आमच्या मुलांना सुकेळ्यांचा कंटाळा आला होता, आणि हे वाक्य मुंबईत कुणाला सांगितलं तर लोक चिडतात.

हा नाद लागला तो ऑफिसमध्ये. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे एक कॉम्प्युटर आला. त्याला स्वतंत्र खोली, एसी, आणि बाहेर पाटी: चपला काढून आत यावे. इतका मान आमच्या मॅनेजरलाही नव्हता. एकदा तो बंद पडला आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्याचं झाकण उघडलं. मी वाकून पाहिलं तर आत अर्धा डबा रिकामा. एवढा थाट आणि आत एवढीशी चीजवस्तू? त्या दिवशी माझी भीती गेली. भीती गेली की माणूस वाया जातो, असं आमची आई म्हणायची.

तयार कंपनीचं मशीन आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं. मग लॅमिंग्टन रोडवर जायचं, सुटे भाग घ्यायचे आणि घरी जोडायचे. याला असेम्बल्ड म्हणायचं. बाहेरच्या माणसाला हे फार अवघड वाटतं. खरं सांगतो, उकडीचे मोदक वळणं याहून अवघड आहे. मदरबोर्ड हा खालचा पाट. त्यावर प्रोसेसर बसवायचा, त्याच्या डोक्यावर पंखा. रॅमच्या पट्ट्या खाचेत दाबायच्या. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, तुमचं लिहिलेलं, साठवलेलं सगळं त्यात राहतं. प्रत्येक वायर आपापल्या जागीच बसते. उलटी बसवायची तर मुद्दाम जोर करावा लागतो. मी पहिल्याच दिवशी तो केला. फ्लॉपीची पट्टी उलटी बसली आणि तिचा हिरवा दिवा लागला तो विझेचना. नलिनी म्हणाली, "देवापुढचा असा टिकला असता तर तेल वाचलं असतं."

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार हा एक वेगळाच प्राणी. "चलेगा ना?" विचारलं की "दौडेगा साब" म्हणायचा, आणि भागावर पेनाने तारीख घातलेला एक चिटोरा चिकटवायचा. चिटोरा फाटला की त्याची ओळख संपली. मी एकच रॅम तीनदा बदलून आणली. चौथ्यांदा त्याने मला आत बोलावलं, तिचं पितळी टोक खोडरबराने घासलं, पुन्हा लावली, आणि मशीन सुरू. "पहले घिसने का," तो म्हणाला. पुढे मी वसईत जेवढं नाव कमावलं त्यातलं अर्धं त्या खोडरबराने मिळवून दिलं, पण हे मी कुणाला सांगितलं नाही. डबा उघडायचा, गंभीर चेहरा करायचा, लोकांना पाणी आणायला आत पाठवायचं आणि तेवढ्यात घासून घ्यायचं.

आमच्याकडच्या मशीनची दुखणीही आमच्याकडचीच. त्या काळात वीज यायची तीच लंगडत. खाडीकडच्या घरांत खारी हवा, वर्षभरात डब्याच्या स्क्रूंना गंज. मुंग्या तर हमखास. आणि वर आमची भक्ती. नायगावला खाडीलगत शेती असलेले गजाननभाऊ होते, मुलीसाठी त्यांनी माझ्याकडून मशीन करून घेतलं होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांचा फोन, सीडीचा खण उघडतो पण सीडी वाचत नाही. गेलो. "पानी गेला का आत?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पानी कोन घालंल सावंतसाहेब? आमी काय येडं हाव? मी सवता पुसतो रोज."

खण उघडला तर आत हळद, कुंकू, चार अक्षता आणि आपट्याचं पान. गजाननभाऊंनी शांतपणे सांगितलं, "पूजा केली. त्याला तोंड एकच, मंग आनकी कुठं वाहनार?" मला हसताही येईना. कारण मागच्याच महिन्यात पापडीला एका घरी फादरांनी नव्या मॉनिटरवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं होतं आणि मी तोही वाळत घालून आलो होतो. मशीनच्या बाबतीत आमच्या वसईत धर्मभेद नव्हता.

अशा गोष्टी मी खूप सांगू शकतो आणि लग्नकार्यात सांगतोही. लोक हसतात. एक मात्र सांगत नाही. हे लिहायला घेतलं ते खरं म्हणजे त्या एकीसाठी. मागचं सगळं वाचून मी कसा हुशार आणि हौशी होतो ते तुमच्या लक्षात आलं असेल. आता पुढचं वाचा.

नंदाखालला पास्कल सर राहतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, केळी-नारळाची छोटी वाडी, पांढरा सदरा, आणि चुकीचा शब्द ऐकला की डाव्या भुवईत एक आठी. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. त्यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या वेळी बायका गाणी म्हणतात. मांडव घालताना वेगळी, नवरीला आंघोळ घालताना वेगळी, पाठवणीची वेगळी. सगळी घरच्या बोलीत. ती बोली मला आजही नीट येत नाही. ज्यांना ती गाणी पूर्ण येत होती त्या बायका सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या, आणि नव्या लग्नांत बँड आला होता. सर सायकलवरून गावोगाव जात, बायकांसमोर बसत, पाठकोऱ्या कागदांवर गाणं उतरवत, पुन्हा वाचून दाखवत, चुका दुरुस्त करत.

त्यासाठी त्यांना कॉम्प्युटर हवा होता. मीच जोडून दिला. सरांनी विचारलं, "सावंत, हे टिकेल ना?" मी डब्यावर थाप मारून म्हणालो, "सर, यात एकदा गेलं की कायमचं राहिलं. तुमच्या नातवंडांनाही मिळेल. आता ते कागद रद्दीत घाला, नुसती वाळवी लागायची." माझ्या शब्दाखातर सर प्रत्येक गाणं टाईप करून, तीनदा तपासून, कागद खरंच रद्दीत घालत. शिक्षकाची जात, सांगितलेलं नेमकं करणारी. फ्लॉपीवर एक प्रत ठेवत होते, पण आमच्या हवेत फ्लॉपीवर दोन पावसाळ्यांत पांढरी बुरशी धरते. ती धरली.

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. मग एका शनिवारी सरांचा फोन आला. मशीन मध्येच थिजतं, सुरू व्हायला अर्धा तास लागतो. मी स्कूटरवरून जाऊन डबा घेऊन आलो. निघताना ते फाटकापर्यंत आले. "माझं लिखाण आहे त्यात. तेवढं सांभाळा."

"सर, ते काय सांगायला हवं?" मी म्हणालो.

आता माझी कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यात आहे. बिघडलेल्या मशीनची हार्ड डिस्क काढायची, माझ्या मशीनला दुसरं कपाट म्हणून जोडायची, आत काय आहे ते बघायचं, कामाचं असेल ते माझ्याकडे उतरवून घ्यायचं, आणि मग फॉरमॅट मारायचं. फॉरमॅट म्हणजे डिस्क धुऊन कोरी करायची आणि विंडोज पुन्हा घालायचं. आम्हा हौशी लोकांचं ते हळद-दूध. सर्दी असो, मुरगळलेला पाय असो, प्या हळद-दूध.

रविवारी दुपारी सरांची डिस्क जोडली. एका फोल्डरमध्ये शंभरावर फाइली होत्या. एक उघडली. आत सगळा कचरा. उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टक्क्याची खूण, डोक्यावर टिंबं असलेली कुठल्या तरी देशाची अक्षरं. दुसरी उघडली, तेच. पाच-सहा उघडल्या. त्याच आठवड्यात विरारच्या एका वकिलांच्या मशीनमध्ये मी खराखुरा व्हायरस पाहिला होता, त्याने त्यांच्या फाइलींची अशीच माती केली होती. मी नलिनीला आतून हाक मारून सांगितलंसुद्धा, "सरांचं सगळं खाल्लं गं व्हायरसने." असल्या फाइली माझ्या मशीनवर उतरवल्या तर माझंही मशीन जाईल, म्हणून उतरवल्या नाहीत. फोन हाताशी होता. सरांना एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण विचारायचं काय? सरांना यातलं काय कळतं, असं मला वाटलं. फॉरमॅट मारलं, चहा प्यायलो.

संध्याकाळी डबा पोचवायला गेलो. सर आणि त्यांच्या पत्नी आग्नेसबाई ओटीवर बसले होते. मी सांगितलं की व्हायरस होता, काही उरलं नव्हतं. सर म्हणाले, "सगळं?"

"सगळं, सर."

आग्नेसबाईंनी आत जाऊन माझ्यासाठी केळ्यांचा घड आणला. मी तो घेतला. मी फार वाईट वाटून घेतलं, व्हायरस करणाऱ्याला शिव्या घातल्या, आणि घड पुढे लटकवून घरी आलो.

चार-पाच महिने गेले. वसई गावात लग्नपत्रिका छापणारा एक प्रेसवाला माझा दोस्त होता. त्याला एक पत्रिका माझ्या मशीनवरून बघायची होती. त्याने फ्लॉपी घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर तोच कचरा. तेच कंस, तीच टक्क्याची खूण, तीच टिंबवाली अक्षरं. मी म्हणालो, "अरे काढ, व्हायरस आहे."

तो हसायला लागला. "व्हायरस कसला रे, मराठी आहे ते. तुझ्याकडे फाँट नाही." त्याने दुसऱ्या फ्लॉपीवरून मराठीचा फाँट माझ्या मशीनमध्ये घातला, फाइल पुन्हा उघडली, आणि त्या कचऱ्याच्या जागी श्री गणेशाय नमः उमटलं. त्या काळी असंच होतं. ज्या फाँटमध्ये मराठी लिहिलं तो फाँट मशीनमध्ये असेल तर मराठी, नसेल तर भूतलिपी. आज फोनवर मराठी बडवणाऱ्यांना हे खोटं वाटेल. मी तोवर कॉम्प्युटरवर इंग्रजी सोडून काही टाईप केलं नव्हतं. सरांच्या मशीनमध्ये फाँट घालून दिला होता तो याच प्रेसवाल्याने. मला एवढं तर माहीत होतं की सर मराठीचे मास्तर आहेत. त्यांचं लिखाण माझ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांत का दिसावं, हा प्रश्न पडायला इंजिनियर असायला नको होतं.

प्रेसवाला गेल्यावर मी त्या टेबलापाशी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सरांकडे गेलो, काही तरी निमित्त काढून ती डिस्क आणली, आणि मुंबईत पुसलेलं परत काढून देणाऱ्या एका माणसाकडे नेली. त्यावर विंडोज पुन्हा घातलेलं, वर सरांनी पाच महिने वापरलेलं. तो म्हणाला, हाती काही लागणार नाही. लागलं नाहीच.

नलिनीला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. थांबली नाही. म्हणाली, "तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार आहे? व्हायरस काय साक्ष द्यायला येतोय? पण मग त्यांच्या घरचं केळं खाऊ नका. मी तर नाही खाणार."

पुढच्या रविवारी गेलो. सर नुकतेच चर्चमधून, मिसाहून आले होते, सदरा बदलून वाडीत केळीची वाळकी पानं काढत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. फाँट म्हणजे काय, मला काय दिसलं, मी काय केलं, सगळं. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"म्हणजे ते होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"सगळं धड होतं. तुम्हाला वाचता आलं नाही, म्हणून पुसलंत."

मी मान खाली घातली. सर आवाज न चढवता बोलत होते, त्याचाच त्रास जास्त होत होता. "सावंत, छत्तीस वर्षं मी मुलांचे पेपर तपासले. कित्येकांचं अक्षर मला लागत नसे. मी मुलाला बोलावून विचारत असे, बाबा, हे काय लिहिलंस? तुम्ही मला विचारलं नाहीत." मग म्हणाले, "आता जा." मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या फाटकातून रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. सरांची एक पद्धत होती, ती मला ठाऊक नव्हती. प्रत्येक गाणं पक्कं झालं की ते त्याचा एक छापील कागद काढत, खाली त्या बाईचं नाव घालत, आणि तिला नेऊन देत. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. तरी तिचं गाणं, तिचा कागद. "ते कागद गोळा करायचे," सर म्हणाले. "सायकलवरून पुन्हा एवढं फिरणं मला आता जमणार नाही. तुमची स्कूटर आहे. मी मागे बसेन. आणि प्रत्येक घरात काय झालं ते तुम्ही सांगायचं. मी नाही."

सात-आठ महिने आमचे रविवार त्यात गेले. नंदाखाल, निर्मळ, आगाशी, अर्नाळा, आणि मधल्या किती वाड्या. एखाद्या ओटीवर बसायचं, पाणी प्यायचं, आणि ऐंशी वर्षांच्या बाईला सांगायचं की तुमचं गाणं मी पुसलं. मी मराठीत सांगायचो, सर बोलीत समजावून सांगायचे. त्यात ते एक शब्दही सौम्य करत नव्हते, हे मला बोली न येताही कळायचं. पहिल्या घरच्या म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, मला आपादमस्तक पाहिलं, आणि काही तरी म्हणाली. सरांनी अर्थ सांगितला: "त्या म्हणतात, याला आधी जेवायला घाला, चेहरा बघा कसा झालाय."

कागद कुठे कुठे निघाले म्हणून सांगू! कुणाच्या बायबलमध्ये घडी घातलेला. कुणाच्या घरातल्या आल्तारामागे, म्हणजे देव्हाऱ्यामागे, खिळ्याला टोचलेला. एकीच्या नातवाने लॅमिनेट करून फ्रिजवर लावलेला. एका घरी तांदळाच्या पिंपाच्या तळाशी अंथरलेला, त्यासाठी आम्ही दोघांनी मिळून पिंप रिकामं केलं. एकीने चूल पेटवायला वापरला होता. तिने काहीही न लाजता तिथल्या तिथे बसून गाणं पहिल्यापासून म्हटलं, आणि सरांनी पुन्हा उतरवलं. चार जणी आता बिछान्याला खिळल्या होत्या, त्यांच्या सुना-मुलींनी मिळून आठवलं. हळूहळू गठ्ठा वाढत गेला. सर माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. आधी रस्त्याबद्दल, मग केळ्यांच्या रोगाबद्दल. टाईप मी करत होतो. मराठी टंकलेखन मी पन्नाशीत शिकलो, आणि सर शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत. प्रत्येक रविवारच्या प्रती तीन सीड्यांवर काढायच्या, एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे, एक प्रेसवाल्याकडे, हा नियम मीच केला.

शेवटी एकच गाणं राहिलं. इसाबेलबाय नावाच्या एका बाईचं. सर म्हणत, आंघोळीच्या गाण्यांत याच्यासारखं दुसरं नाही, बावीस कडवी होती, आणि आसपासच्या कुठल्याच गावात ते कुणाला येत नव्हतं. बाईंना ते त्यांच्या आजीकडून आलेलं. मी डिस्क पुसली त्याच्या दीड महिना आधी इसाबेलबाय वारल्या होत्या. आम्ही ते घर शेवटी ठेवलं होतं. का, ते आम्ही दोघंही बोललो नव्हतो.

घरी त्यांची सून होती, रोझी. शाळेत क्लार्क, चांगली बोलकी. मी माझं नेहमीचं सांगून झाल्यावर ती कागद आणायला जावं तशी उठली, आणि मग उभीच राहिली.

"सर, तो कागद नाही आता," ती म्हणाली. "आईंनी सांगून ठेवलेलं. रोझरीची माळ आणि तो कागद, दोन्ही माझ्यासोबत दे म्हणून. त्यांचं नाव छापलेला तो एकच कागद होता ना. शवपेटीत त्यांच्या हाताखाली ठेवला मी."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. मला तिथून उठून कुठे तरी जायचं होतं, पण स्कूटर माझी होती आणि सरांना मागे बसूनच यायचं होतं. थोड्या वेळाने रोझी म्हणाली, "मला सुरुवात येते. आई भांडी घासताना म्हणायच्या." तिने दोन ओळी म्हणून दाखवल्या. चाल पुढे तिच्या तोंडात होती, ती नुसती गुणगुणत राहिली, पण शब्द नव्हते. सरांनी त्या दोन ओळी उतरवल्या. त्या मी इथे देत नाही, बोली माझी नाही आणि एक चूक पुरे झाली. अर्थ एवढाच की नवरीची आई हंड्यातल्या पाण्याला विचारते, तू कुठल्या विहिरीचं, माझ्या लेकीला उद्यापासून कुठलं पाणी मिळेल. पुढच्या कडव्यांत पाणी उत्तर देत होतं, सरांना एवढं आठवत होतं. काय उत्तर देत होतं ते त्यांना आठवेना. त्यांनी खूप प्रयत्न केला. वाडीत फिरताना, मिसाला बसल्यावर, रात्री उठून. "उतरवून टाईप केलं की मी विसरतो," ते एकदा म्हणाले. "लक्षात ठेवणं हेच तर मशीनचं काम होतं."

पुस्तक निघालं. प्रेसवाल्याने कागदाच्या भावात छापून दिलं. गावातल्या हॉलमध्ये छोटा समारंभ झाला, म्हाताऱ्या पहिल्या रांगेत बसल्या, प्रत्येकीला एकेक प्रत. शेवटच्या पानावर आभार आहेत आणि त्यांत माझं नाव आहे: संगणकासाठी विशेष साहाय्य. मी सरांना ते काढा म्हणून विनवलं होतं. ते म्हणाले, साहाय्य केलंत, ते खोटं नाही.

मध्यंतरी एका कॉलेजातली शिकवणारी तरुण मुलगी ते पुस्तक घेऊन सरांकडे आली. मी तिथेच त्यांच्या मशीनचा पंखा साफ करत बसलो होतो. तिने इसाबेलबायचं पान उघडलं. त्यावर दोन ओळी आहेत आणि खाली बारीक अक्षरांत सरांनी छापलं आहे: पुढील गीत उपलब्ध नाही. "सर, एवढं सुंदर गाणं, मग पुढचं का नाही मिळालं?" तिने विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई वारल्या हो," ते म्हणाले. "आम्हाला उशीर झाला."

मी ब्रशने पंखा झाडत राहिलो. प्रत्येक ओटीवर मला स्वतःच्या तोंडाने सांगायला लावणाऱ्या त्या माणसाने मला त्या परक्या मुलीसमोर झाकून घेतलं. तेव्हा बोलायला हवं होतं, बोललो नाही. ती मुलगी तिच्या वहीत लिहून घेऊन गेली की उशीर झाला.

सरांना उशीर झाला नव्हता. ते वेळेवर गेले होते, इसाबेलबायसमोर बसून बावीसच्या बावीस कडवी त्यांनी उतरवली होती, तीनदा तपासली होती. ती मी पुसली.